टाळी कधी वाजवायची?



"काहून जी सर, इतक्या दूर फक्त बघाले गेलते?"

जानेवारी २०१९ मध्ये आमच्या शाळेच्या एका पालकाने मला हा प्रश्न विचारला. मी आणि माझी सहावीतली मुलगी पुण्याच्या बालेवाडीला टेनिसची स्पर्धा बघून नुकतेच परतलो होतो. प्रश्नात टोमणा नव्हता, खरंखुरं नवल होतं. मी टेनिस खेळत नाही, मुलगी खेळत नाही. माझी शाळा कुरखेडा तालुक्यातल्या एका छोट्या गावात आहे, तिथल्या एकाही मुलाने टेनिसची रॅकेट हातात धरलेली नाही. मग दोन रात्री गाडीत घालवून, पदरचे पैसे खर्चून, दुसऱ्यांचा खेळ बघायला कशाला जायचं?

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. "पोरीला दाखवायचं होतं," एवढंच बोललो. नंतर वर्गात एक गोष्ट बदलली आणि उत्तर हळूहळू सापडत गेलं. ते आज इथे मांडतो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: आपण मुलांना खेळायला शिकवतो, पण खेळ बघायला शिकवत नाही. आणि ज्याला नीट बघता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या चुकीशी कसं वागायचं हेही कळत नाही.

आम्ही कसे गेलो

ही स्पर्धा म्हणजे तेव्हाची 'टाटा ओपन महाराष्ट्र'. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये एटीपी नावाची जागतिक संघटना वर्षभर स्पर्धा भरवते. त्यांतली ही '२५०' दर्जाची, म्हणजे जिंकणाऱ्याला क्रमवारीचे २५० गुण. २०१७ पर्यंत ही स्पर्धा चेन्नईत व्हायची. २०१८ पासून ती पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात आली. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं.

माझी बहीण पुण्यात राहते. तिने तिकिटं काढून ठेवली होती. ३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाई फुले जयंतीचा कार्यक्रम आटोपला, दोन दिवसांची रजा टाकली आणि त्याच संध्याकाळी वडशाहून एसटीने नागपूर गाठलं. तिथून रात्रीची गाडी. मुलीने डब्यात विचारलं, "बाबा, तिथे आपण काय करायचं?" मी म्हटलं, "बसायचं आणि बघायचं." ती म्हणाली, "फक्त?"

बघा, मुलांनाही तोच प्रश्न पडतो.

पाढे पाठ करणारा खेळाडू

शुक्रवारी दुपारी आम्ही संकुलात पोहोचलो, तेव्हा मुख्य सामना सुरू व्हायचा होता. बाजूच्या कोर्टवर एक खेळाडू सराव करत होता. कोण होता ते आम्हाला ठाऊक नव्हतं, आजही नाही. पंधरा-वीस फुटांवरून आम्ही बघत होतो. तो एकाच कोपऱ्यात सर्व्हिस टाकत होता. टोपलीतला चेंडू घ्यायचा, तीनदा आपटायचा, वर उडवायचा, मारायचा. पुन्हा पुढचा चेंडू. टोपली रिकामी झाली की चेंडू गोळा करायचे आणि पुन्हा सुरू. चेहऱ्यावर ना राग, ना आनंद.

अर्धा तास झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, हा तर पाढे पाठ करतोय."

पाठांतराचं, सरावाचं महत्त्व यावर मी वर्गात किती बोललो असेन. ते एकीकडे आणि हा अर्धा तास एकीकडे. टीव्हीवर आपल्याला खेळाचा शेवटचा, चकचकीत भाग दिसतो. मोबाइलवर तर त्याहून कमी, तीस सेकंदांचे तुकडे. त्या तुकड्यांत प्रत्येक फटका अचूक असतो, कारण चुकलेले कोणी दाखवतच नाही. मुलांना वाटतं, मोठे खेळाडू चुकत नाहीत. प्रत्यक्ष बघितलं की कळतं, जगातले उत्तम खेळाडूसुद्धा दर काही मिनिटांनी चुकतात. जाळीत मारतात, रेषेबाहेर मारतात आणि पुढच्या चेंडूसाठी उभे राहतात.

चुकलेली टाळी

त्या संध्याकाळी उपांत्य सामना होता. दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन आणि फ्रान्सचा जिल सिमॉन. आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, याच मैदानावर अंतिम सामन्यात सिमॉनने अँडरसनला हरवलं होतं. मुलीला उंच अँडरसन आवडला. उंची २०३ सेंटिमीटर. आमच्या वर्गाचं दार त्याला वाकूनच ओलांडावं लागलं असतं!

टेनिसमध्ये सर्व्हिस करणाऱ्याला दोन संधी असतात. पहिली सर्व्हिस बाहेर गेली किंवा जाळीत अडकली तरी गुण जात नाही, दुसरी करायला मिळते. तीही चुकली तर मात्र गुण समोरच्याला. याला म्हणतात डबल फॉल्ट.

सिमॉनचा एक डबल फॉल्ट झाला. गुण अँडरसनला मिळाला. मुलीने आनंदाने जोरात टाळ्या वाजवल्या. आजूबाजूला जवळजवळ शांतता. तिची टाळी एकटीच घुमली. शेजारी एक आजोबा बसले होते. ते तिच्याकडे वाकून हळूच म्हणाले, "बाळ, चांगला फटका बसला की टाळी. कुणाचाही असो. चूक झाली की टाळी वाजवायची नाही."

ती ओशाळली. मला म्हणाली, "पण आपल्याला गुण मिळाला ना?" आजोबांनीच उत्तर दिलं, "मिळाला. पण आपण कमावला नाही ना."

प्रत्येक जण हा संकेत पाळतो असं नाही. चुकीवर ओरडणारेही होते आणि पंचांना शांत राहण्याची सूचना द्यावी लागत होती. पण बहुतेक लोक पाळत होते. आणि दुसरी सर्व्हिस सुरू होताना तर सगळं मैदान श्वास रोखून बसल्यासारखं. एक माणूस चुकला आहे, त्याला दुसरी संधी आहे, ती त्याला शांतपणे घेऊ द्या. हजारो माणसांनी मिळून दिलेली ती शांतता मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवली.

आणि तिथे बसल्या बसल्या मला माझा वर्ग आठवला.

येर

त्याच वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर, तिसरीच्या वर्गात चित्रवाचन चाललं होतं. घरी गोंडी बोलणारा एक मुलगा फळ्याजवळ उभा होता. मी पाण्याच्या चित्रावर छडी ठेवली. तो म्हणाला, "येर." गोंडीत पाण्याला येर म्हणतात. म्हणजे त्याचं उत्तर बरोबरच होतं, फक्त मला अपेक्षित असलेल्या भाषेत नव्हतं. पण वर्ग हसला. आणि खरं सांगायचं तर मीही हसलो. वाईट हेतूने नाही, आपण सहज हसतो ना, तसा. "अरे, मराठीत सांग," असं म्हणून त्याला जागेवर बसवलं.

त्यानंतर त्या मुलाने हात वर केला नाही. दोन महिने. मला ते जाणवलं होतं, पण "लाजाळू आहे" असं म्हणून मी विषय मनातच मिटवला होता.

बालेवाडीच्या त्या खुर्चीत बसून मला कळलं की तो लाजाळू नव्हता. त्याला आम्ही दुसरी सर्व्हिस दिलीच नव्हती. पहिली चुकली असं आम्हीच ठरवलं आणि वर टाळ्या वाजवल्या. पंचही मीच होतो आणि हसणारा प्रेक्षकही मीच.

शनिवारचा अंतिम सामना

५ जानेवारीला अंतिम सामना झाला. सिमॉनला हरवून आलेला अँडरसन आणि क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच. कार्लोविच तर २११ सेंटिमीटर उंच आणि वय ३९ वर्षं. ज्या वयात आपण मैदानावर शिट्टी फुंकायला उभे राहतो, त्या वयात तो अंतिम सामना खेळत होता.

निकाल लागला ७-६, ६-७, ७-६. तिन्ही सेट टायब्रेकवर. म्हणजे सहा-सहा गेम झाल्यावर आधी सात गुण करणारा जिंकतो, पण फरक दोन गुणांचा हवा. इतका अटीतटीचा सामना अँडरसन जिंकला. आदल्या वर्षी ज्या मैदानावर अंतिम सामना हरला, तिथेच परत येऊन जिंकला.

मुलीला तो जिंकला म्हणून आनंद झाला. पण परतीच्या गाडीत ती बोलत होती कार्लोविचबद्दल. "बाबा, तो हरला तरी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते." मी म्हटलं, "हो." मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

इथे एक साधं गणित बघा. एकेरीच्या मुख्य फेरीत २८ खेळाडू होते. प्रत्येक सामन्यात एक जण हरतो. म्हणजे आठवड्याच्या शेवटी २७ जण हरून घरी गेलेले असतात आणि एकच न हरता राहतो. जगातल्या निवडक खेळाडूंमध्येसुद्धा हरणं हाच नियम आहे, जिंकणं अपवाद. ही गोष्ट आपण आपल्या मुलांना कधी सांगतो का? शिष्यवृत्ती, नवोदय, स्नेहसंमेलनातली बक्षिसं, सगळीकडे आपण त्या एकाचा फोटो लावतो. उरलेल्या सत्तावीस जणांनी काय करायचं, हे आपल्या अभ्यासक्रमात नाही.

'आपल्याकडे याचा काय उपयोग?'

आता त्या पालकाच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण तो प्रश्न खरा आहे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत खेळाचा अर्थ वेगळा आहे. पहाटे रस्त्याने धावणारी मुलं-मुली आपण रोज बघतो. ती हौसेसाठी धावत नाहीत, पोलीस भरतीसाठी धावतात. मुलांचे १६०० मीटर, मुलींचे ८०० मीटर. घड्याळातले काही सेकंद म्हणजे घराची भाकर. अशा ठिकाणी "टेनिस बघा" म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला अत्तर देणं, असं कोणी म्हणालं तर मी रागावणार नाही. खर्चाचा आणि अंतराचा प्रश्नही आहेच. गडचिरोली जिल्ह्यातून पुण्याला जायचं म्हणजे महाराष्ट्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडायचा.

पण दोन गोष्टी विचारात घ्या.

पहिली, बघणं ही आपल्यासाठी परकी गोष्ट नाही. आपण झाडीपट्टीची माणसं. दिवाळीनंतर मंडई, शंकरपट आणि रात्रभराचं नाटक. वडशाच्या नाटक कंपन्यांची नाटकं बघायला माणसं घोंगडी पांघरून, तिकीट काढून, पहाटेपर्यंत बसतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामागे त्यांची कला आहेच. पण त्या कलेला इतकी वर्षं जागता राहणारा प्रेक्षकही आहे. तिथे कधी हसायचं, कधी रडायचं, कधी 'वन्स मोअर' द्यायचा, हे कोणी शिकवत नाही. लहानपणी आईच्या मांडीवर बसून आपण ते शिकलो. "फक्त बघाले" रात्र-रात्र जागणारे आपणच ना? मग खेळाच्या बाबतीतच बघणं रिकामं काम कसं झालं?

दुसरी, जे कधी बघितलं नाही त्याची इच्छाही होत नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी 'मिशन शौर्य' अंतर्गत एव्हरेस्ट सर केलं. त्याआधी आपल्यापैकी किती जणांनी जिवतीच्या, देवाड्याच्या मुलांना बर्फाचा डोंगर दाखवायचा विचार केला होता? कोणीतरी दाखवला, तयारी करून घेतली, म्हणून ती गेली. मी असं म्हणत नाही की टेनिस बघून आपली मुलं टेनिसपटू होतील. बहुतेक होणार नाहीत. माझी मुलगीही झाली नाही. पण मेहनत जवळून कशी दिसते, हरणारा माणूस हस्तांदोलन कसं करतो, चूक झाल्यावर पुढच्या पंचवीस सेकंदांत स्वतःला कसं सावरायचं, हे तिने डोळ्यांनी बघितलं. भरतीच्या मैदानावर पहिल्या प्रयत्नात अपयशी ठरणाऱ्या मुलाला याचीच तर गरज असते.

परतल्यावर वर्गात काय केलं

सोमवारी शाळेत गेलो. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या.

चांगल्या उत्तराला टाळी, कुणाचंही असो.
चुकीच्या उत्तराला शांतता, आणि दुसरी सर्व्हिस.

मुलांना टेनिसची गोष्ट सांगितली. दुसरी सर्व्हिस म्हणजे काय ते चेंडू घेऊन अंगणात करून दाखवलं. नियम असा ठरला की कोणी चुकलं तर कोणी हसायचं नाही, उत्तर सुचवायचं नाही, सरांनीसुद्धा लगेच दुसऱ्याला विचारायचं नाही. पंचवीस आकडे मनात मोजायचे. तेवढा वेळ त्या मुलाचा.

आणि त्या मुलाला मी सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या दिवशी तुझं उत्तर बरोबर होतं. मी चुकलो." मग फळ्यावर लिहिलं: पाणी – येर.

चमत्कार झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने हात वर केला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पहिले काही आठवडे तो गप्पच होता. पुढे एकदा दुसऱ्या मुलीने झाडाचं चित्र दाखवून त्याला विचारलं, "याला तुमच्यात काय म्हणतात?" तेव्हा तो बोलला. आवाज इतका बारीक की मला पुढे जाऊन ऐकावं लागलं. वर्ग शांत होता. मी त्याला इतकंच यश मानतो.

काही सूचना, अनुभवातून

हे वाचून कोणाला असं काही करावंसं वाटलं तर:

१. स्पर्धा कुठे असतात: पुण्याची २५० दर्जाची ती स्पर्धा २०२३ मध्ये शेवटची झाली. त्यानंतर २०२४ मध्ये बालेवाडीत एटीपी चॅलेंजर स्पर्धा झाली आणि मुंबईत महिलांची डब्ल्यूटीए १२५ स्पर्धा. नावं कमी ऐकलेली असतात, पण शिकण्यासाठी तेच बरं. गर्दी कमी, खेळाडू जवळून दिसतात. पुण्या-मुंबईत नातेवाईक असतील किंवा सहल तिकडे जाणारच असेल तर एक दिवस जोडून बघा.

२. अंतिम सामन्याचा हट्ट नको: सुरुवातीच्या दिवशी एकाच वेळी दोन-तीन कोर्टवर सामने चालू असतात. सराव बघायला मिळतो. मुलांना फिरता येतं, म्हणून कंटाळाही कमी येतो. आणि कंटाळा येतोच, ते आधी मान्य करा. माझी मुलगी पहिल्या दिवशी दोनदा "किती वेळ राहिला?" म्हणाली होती.

३. जाण्याआधी तयारी: शून्य, १५, ३०, ४० ही गुणपद्धत खेळातून शिकवा. अंगणात चुन्याने कोर्ट आखा. लांबी २३.७७ मीटर, एकेरीची रुंदी ८.२३ मीटर. क्षेत्रफळ काढायला लावा, सुमारे १९५.६ चौरस मीटर येतं. मग कबड्डीच्या १३ गुणिले १० मीटरच्या मैदानाशी तुलना करा. तिथे चौदा जण, इथे दोघं. मुलं स्वतःच म्हणतात, "सर, किती पळावं लागत असेल!"

४. प्रत्येकाला एक काम: एकाने फक्त चेंडू उचलणाऱ्या मुलांकडे बघायचं, एकाने पंचांकडे, एकाने हरणाऱ्या खेळाडूकडे. चेंडू उचलणारी मुलं तर आपल्या मुलांच्याच वयाची. एक शब्द न बोलता त्यांची अख्खी टोळी कशी चालते, ते बघण्यासारखं आहे.

५. पुण्याला जाणं शक्य नसेल तर: बहुतेकांना ते शक्य नसणारच, म्हणून ही सूचना सगळ्यात महत्त्वाची. प्रेक्षक होणं केंद्रस्तरीय क्रीडा संमेलनातही शिकवता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये बल्लारपूरजवळ विसापूरच्या संकुलात राष्ट्रीय शालेय ॲथलेटिक्स स्पर्धा झाली, देशभरातली मुलं आपल्या दारात धावून गेली. अशा वेळी शाळा तिथे पोहोचली पाहिजे. आणि आपल्या स्वतःच्या संमेलनात काय होतं ते आठवा. समोरच्या शाळेचा खेळाडू घसरून पडला की आपली मुलं ओरडतात, आणि आपण शिक्षक? आपणही हसतो. तिथूनच सुरुवात करू या. समोरच्या संघाच्या चांगल्या पकडीला आपल्या मुलांनी टाळी वाजवली, तर सामना हरलो तरी मी ते संमेलन यशस्वी समजेन.

शेवटी

त्या पालकाला मी पुढे कधीतरी ही सगळी गोष्ट सांगितली. चावडीजवळ चहा पीत होतो. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे सर, तुमी टाळी शिकून आले."

मी म्हटलं, "हो जी. बेचाळीस वर्षांच्या वयात."

पालकहो, आज संध्याकाळी तुमचं मूल पाढा म्हणताना किंवा वाचताना अडखळेल. तेव्हा एकदा मनात पंचवीस आकडे मोजून बघा. आणि शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गात दोन महिन्यांपासून हात वर न करणारा कोणी आहे का, एवढं उद्या फक्त बघा.